शेवटच्या शेताचं पहिलं पाणी

नीट मांडी घालून बसा. उकिडवं बसायचा दिवस आपल्या गावात वर्षातून एकदाच येतो, आणि तो का, तेच आज सांगायचंय. मधे बोलायचं नाही. तुम्ही बोलता, मी विसरते, आणि वर तुम्हीच म्हणता की म्हातारी भलतंच सांगते.

आपल्या सावरदरला वीज नव्हती, डांबरी सडक नव्हती, तेव्हाची गोष्ट. बंधारा मात्र होता. बंधाऱ्यातून पाट निघायचा आणि पाटावर हुकमत होती उखाजी पाटकऱ्याची. कोणाच्या शेताला पाणी कधी द्यायचं, पाटाला कुठे बांध घालायचा, कुठे फोडायचा, सगळं तो ठरवायचा. जमिनीला कान लावून पाणी कुठवर पोचलं ते सांगायचा, असं म्हणतात.

त्याला दोन लेकरं. थोरली यमुना, धाकटा नथू. नथू जन्मापासून निळसर. ओठ जांभळे, नखं जांभळी. दहा पावलं पळाला की त्याला धाप लागायची आणि तो मटकन उकिडवा बसायचा, गुडघे पोटाशी घेऊन. तसं बसलं की त्याला जरा बरं वाटायचं. का वाटायचं, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. बाकीची पोरं खेळत पुढे निघून जायची. यमू मात्र त्याच्या शेजारी तशीच बसायची आणि तो उठला की उठायची. सातव्या वर्षी एके दिवशी तो पाटाच्या काठी असाच बसला. यमू वाट बघत राहिली, पण तो उठला नाही.

यमू रडली नाही म्हणे. तिने बापाला विचारलं, "बा, आपल्या नथूचं पाणी कुठे अडलं होतं?"

उखाजीला पाटाचं सगळं कळत होतं, पण हे कळत नव्हतं. तो पोरीसमोर ढसाढसा रडला आणि तिला म्हणाला, तू शोधून काढ.

यमू शिकली. कशी शिकली याच्या गावात दहा गोष्टी आहेत. कोणी म्हणतं ती रोज तीन कोस चालायची, कोणी म्हणतं पुस्तक एकदा बघितलं की तिला पाठ व्हायचं. मला त्यातलं निम्मं पटत नाही. पण शिकली आणि शहरातल्या मोठ्या दवाखान्यात शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर झाली, एवढं खरं. तिच्या हातातला दोरा केसापेक्षा बारीक असायचा, असं म्हणतात.

आणि तिने शोधून काढलं. नीट ऐका, अवघड नाही. आपलं रक्त काळजातून फुप्फुसात जातं, तिथे हवा घेऊन ताजं होतं आणि मग अंगभर फिरतं. नथूसारख्या लेकरांची फुप्फुसाकडे जायची वाटच अरुंद असते. म्हणून शिळंच रक्त फिरत राहतं आणि पोर निळं पडतं. काळीज उघडून ती वाट रुंद करायची विद्या तेव्हा आपल्याकडे कोणाला येत नव्हती. पण पाटकऱ्याची लेक ती. तिच्या मनात आलं, एक पाट अडलाय तर दुसरा वळवावा. डाव्या हाताकडे रक्त नेणारी नळी असते. ती तोडायची आणि फुप्फुसाकडे जोडायची. दूरदेशी कोणी असं केल्याचं तिच्या कानावरही आलं होतं. इथे मात्र कोणी धजत नव्हतं. ती धजली.

पहिलं लेकरू गेलं. दुसरंही गेलं. दोन्ही वेळा टाके पक्के होते, पण जोडावर रक्त गोठलं आणि वाट बुजली. तिचे वरिष्ठ म्हणाले, बाई, आता पुरे. तीही म्हणाली, पुरे. दोन आयांची तोंडं बघितली होती तिने, तिला जेवण जाईना.

इकडे गावात सुंद्राबाई नावाची एक बाई होती. पाटाच्या अगदी शेवटाला तिचं शेत. वरचे लोक पोटभर पाणी घ्यायचे आणि उरलंसुरलं हिच्याकडे यायचं, कधी तेही नाही. तिची दोन लेकरं आधीच गेलेली. तिसरीचं नाव मुद्दाम वाईटसं ठेवलं, ठगू, यमाला ती न्यावीशी वाटू नये म्हणून. ठगू पाच वर्षांची झाली आणि खेळता खेळता उकिडवी बसायला लागली. उखाजीने ते लांबून बघितलं आणि त्याच्या हातातलं फावडंच गळून पडलं.

तो सुंद्राबाईला म्हणाला, चल शहरात, माझ्या यमूकडे. गावचे त्र्यंबक वैद्य आडवे आले. माणूस वाईट नव्हता हो, पण बोलायला फटकळ. म्हणाले, हाताचं रक्त काढून घेणार म्हणजे हात वाळणार, अशा मुलीला कोण करून घेईल? सुंद्राबाई आयुष्यात कधी वर मान करून बोलली नव्हती. ती म्हणाली, "एका हाताची तर एका हाताची. मला पोरगी हवी आहे."

शहरात गेले तर यमूने हातच जोडले. म्हणाली, माझ्या हाताला यश नाही, ठगूला परत घेऊन जा. उखाजीने लेकीला हाताला धरून दवाखान्याच्या बागेत नेलं. तिथे माळी फुलझाडांना पाणी देत होता. उखाजीने त्याच्या हातातलं खुरपं घेतलं आणि म्हणाला, नळी कशी जोडतेस ते मातीत दाखव.

यमूने दाखवलं. एक पाट सरळ नेला आणि दुसऱ्या पाटाला काटकोनात नेऊन भिडवला. पाणी सोडलं. पाणी कोपऱ्यावर आदळलं, घुटमळलं, गाळ साचला आणि घटकाभरात तोंड बुजलं.

"असं कोण जोडतं गं?" उखाजी म्हणाला. "माझ्याकडे इतकी वर्षं बघत होतीस ना? तोंड तिरकं काप. तिरकं कापलं की ते रुंद होतं, आणि पाणी वळणावर अडखळत नाही."

त्याने तोंड तिरकं कापून दाखवलं. पाणी सुळकन गेलं. यमूने खुरपं घेऊन तसंच तोंड स्वतः कापून बघितलं. मग तिने विचारलं, हाताचं काय होईल? पाट वळवल्यावर जुन्या पाटाचा काठ वाळतो का? उखाजी म्हणाला, नाही वाळत, आजूबाजूच्या झिऱ्यांवर, जमिनीतून झिरपणाऱ्या पाण्यावर जगतो, मी स्वतः बघितलंय. हातही असाच आजूबाजूच्या बारीक नळ्यांवर जगतो, हे ती पुस्तकात शिकली होती. पण बापाच्या तोंडून ऐकलं तेव्हा तिच्या अंगात जीव आला. दिवस ठरला.

आता गंमत बघा. तोच दिवस आपल्या पाटाला हंगामाचं पहिलं पाणी सोडायचा होता आणि पाटकरी तर शहरात. वरच्या शेतकऱ्यांना रान मोकळं होतं. पण ठगू तिकडे सुरीखाली असणार हे सगळ्यांना माहीत होतं. कोणी सुचवलं ते ठाऊक नाही, प्रत्येक घर म्हणतं आमच्या आजोबांनी. ठरलं असं, की आज पहिलं पाणी सुंद्राबाईच्या शेताला. सारा गाव पाटाच्या काठाने बसला, बंधाऱ्यापासून शेवटापर्यंत, जो तो आपापल्या शेताच्या तोंडाशी, हात आवरून. आणि बसले कसे? नथू बसायचा तसे. उकिडवे. म्हाताऱ्यांचे गुडघे बोलायला लागले, तरी कोणी उठलं नाही. ज्यांनी जन्मात खालच्याला पाणी सोडलं नव्हतं ते समोरून पाणी जाताना बघत होते. त्र्यंबक वैद्यही बसले होते, धोतर सावरत.

तिकडे यमूने नळी तिरकी कापली. जोडली. रक्त अडवून धरलेला चिमटा सोडला. आणि ठगूचे जांभळे ओठ सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लाल झाले. आधी ओठ, मग गाल, मग बोटांची नखं. यमूचे डोळे इतके भरले की शेजारच्या नर्सला ते पुसावे लागले. त्याच घटकेला इकडे पाणी सुंद्राबाईच्या शेतात शिरलं, असं म्हणतात. आता तुम्ही विचाराल, घड्याळ कोणाकडे होतं? नव्हतंच कोणाकडे. पण असं म्हणतात, आणि मी ते मानते.

ठगू गावात परत आली ती पळतच. त्र्यंबक वैद्यांनी रीतीप्रमाणे तिचा डावा हात धरला आणि पांढरेफटक पडले. नाडीच लागेना! रक्त फुप्फुसाकडे वळवलं होतं, मनगटात ठोका कुठून लागणार? झिऱ्यांवर हात जगला होता, ऊब होती, बोटं हलत होती, पण ठोका नव्हता. वैद्य उठून उभे राहिले आणि म्हणाले, शास्त्राप्रमाणे ही मुलगी जिवंत नाही. ठगू म्हणाली, "मला भाकरी द्या." पुढे वैद्यबुवाच आसपासच्या गावांतली निळी पोरं शोधून यमूताईकडे धाडायचे.

किती लेकरं यमूताईंनी बरी केली, याचा आकडा जो तो वेगळा सांगतो. काही गेलीही, ते त्या कधी लपवत नसत. पुढे काळीज उघडून आतली वाटच नीट करायची विद्या आली. ती यमूताईंनी केस पांढरे झाल्यावर शिकून घेतली आणि ठगूचं काळीजही आतून दुरुस्त केलं. त्यांच्या हाताखाली शिकलेले डॉक्टर आज कुठे कुठे आहेत.

यमूताई गेल्या, उखाजी तर केव्हाच गेला. पण अजून कार्तिकात पहिलं पाणी शेवटच्या शेताला जातं आणि सारा गाव काठाने उकिडवा बसतो. अगदी शेवटाला गावातलं सगळ्यात अशक्त पोर बसवतात. त्याच्या पायाला पाणी लागलं की ते आधी उठतं, मग शेजारचा उठतो, आणि असं बंधाऱ्यापर्यंत. त्याच्याआधी कोणी उठायचं नाही, मग पुढारी का असेना.

एका वर्षी ते शेवटचं पोर मी होते. हसू नका. माझेही ओठ जांभळे होते. दुसऱ्याच दिवशी मला शहरात न्यायचं होतं, यमूताईंच्या हाताखाली शिकलेल्या डॉक्टरांकडे, आणि मला फार भीती वाटत होती. शेजारी ठगूआजी बसली होती, केस पिकलेली. तिने आपला डावा हात माझ्या हातात दिला. मी मनगट चाचपलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, ठोका नाहीच. हात मात्र चांगला ऊबदार होता. मी तो धरूनच ठेवला.

"चाचपत काय बसलीस?" आजी म्हणाली. "पाणी आलंय. ऊठ."

आणि मी उठले.