शेवयांचा गोळा आणि सगुणेची पळी

एका राज्यात राजा जेवढा मोठा, त्याहून त्याचा मान मोठा होता. राजाचं नाव उदग्रसेन. माणूस वाईट नव्हता, पण तो जिथं जाई तिथं आधी तुतारी वाजे, आणि तुतारी वाजली की सगळ्यांनी हातातलं काम टाकून वाकून उभं राहायचं, राजा पाठ फिरवीपर्यंत. न्हाव्यानं वस्तरा टाकायचा, माळ्यानं झारी टाकायची. अशी रीत होती, आणि ती का आहे हे कुणी विचारलं नव्हतं.

त्या राज्यात एके दिवशी मांत्रिक गुग्गुळनाथ जेवायला आला. बारा वर्षं नुसता वारा खाऊन राहिलेला माणूस. त्यानं एकच पदार्थ मागितला. हातानं वळलेल्या शेवया, वर दूध आणि गूळ. राजाचा आचारी भिवाजी यानं शेवया शिजवल्या, आणि ताटात आला तो नारळाएवढा एक गोळा. गुग्गुळनाथानं तो उचलला, उलटा करून पाहिला, खाली ठेवला.

"हा कुणाच्या हातचा?"

"माझ्या," भिवाजी म्हणाला.

"मग तो हात यातच राहो. रोज सूर्य बुडताना गोळा चार बोटं वर चढेल. सातव्या दिवशी काळजाला भिडेल. तोवर याच चुलीवर सुट्या शेवया शिजल्या, तर तू सुटशील."

भिवाजीचा उजवा पंजा गोळ्यात गडप झाला आणि मांत्रिक दाराशी आसन घालून बसला.

राज्यभरचे आचारी धावत आले. एकानं पाण्यात घागरभर तूप ओतलं. तूप वर तरंगत राहिलं आणि शेवयांनी खाली बसून गोळा केला. दुसऱ्यानं लिंबं पिळली, आंबट गोळा झाला. तिसऱ्यानं मंत्र म्हटले, त्याचं तर काही सांगूच नये. भिवाजीवर राजाचा जीव होता, म्हणून दर खेपेला तो तुतारी वाजवीत जातीनं पाहायला येई, आणि दर खेपेला मान हलवीत परत जाई.

भिवाजीची बायको सगुणा. राजवाड्यातल्या सगळ्या शेवया तीच वळायची. तिसऱ्या दिवशी तिनं पदर खोचला.

"अहो, मी उपाय शोधायला जाते."

"डावा हात मोकळा आहे," भिवाजी म्हणाला. "वाटेला दोन भाकरी बांधून देतो."

धुराड्यावर एक साळुंकी राहत असे. ती बोलायची, पण कुणी काही विचारलं तरच. सगुणेनं विचारलं.

"तीन गोष्टी लागतील," साळुंकी म्हणाली. "डोंगरापलीकडच्या राक्षसाचं पातेलं, कारण शेवयांना फिरायला भरपूर पाणी हवं. अग्निनागाचा निखारा, कारण गार शेवया पडल्या तरी पाण्याची उकळी मोडता कामा नये. तिसरी गोष्ट आणायची नाही, धरून ठेवायची. ती मी सांगितली तर राजा माझे पंख छाटील. ती तुझी तू ओळख."

राक्षस त्या पातेल्यात आंघोळ करायचा. सगुणेनं ते मागितलं.

"आधी घासून दे," राक्षस म्हणाला.

तिनं चिंचेनं आणि राखेनं दिवसभर पातेलं घासलं. राक्षसानं आत डोकावून पाहिलं, तर जन्मात पहिल्यांदा त्याला स्वतःचं तोंड दिसलं. "घेऊन जा," तो म्हणाला, आणि त्यानं फुंकर मारून पातेलं वाटीएवढं केलं. सगुणेनं ते कमरेला लावलं.

अग्निनाग गुहेत वेटोळं घालून बसला होता.

"तुला माझी भीती वाटत नाही?"

"वाटते. पण माझ्या माणसाचं कोपर गेलं आहे, आता दंडाची पाळी आहे. त्याची भीती जास्त वाटते."

नागानं फण्याखालचा निखारा काढून तिच्या पदरात टाकला. पदर जळला नाही.

सातव्या दिवशी दुपार टळताना ती परतली. गोळा खांद्यावर चढला होता आणि भिवाजीला मान वळवता येत नव्हती. सगुणेनं चुलीत निखारा ठेवला, पातेलं चुलीवर ठेवताच ते पहिल्याएवढं मोठं झालं. पाणी भरलं, मूठभर मीठ टाकलं, धो धो उकळी येईपर्यंत थांबली, मग शेवया सोडून लाकडी पळीनं ढवळू लागली.

तेवढ्यात तुतारी वाजली.

हाताखालच्या बायकांनी पाणी निथळायची बांबूची रोळी टाकली आणि त्या वाकल्या. सगुणेचे हातही सवयीनं सैल पडले. इतक्यात तिची नजर साळुंकीवर गेली. साळुंकी एकटक पळीकडे पाहत होती.

"अहो," सगुणा म्हणाली, "त्या दिवशी शेवया पाण्यात पडल्या तेव्हा महाराज आले होते का?"

भिवाजीनं नजर खाली केली. "आले होते. पण हात मी सोडला. चूक माझी."

सगुणेनं पळी घट्ट धरली आणि ढवळत राहिली. राजा दारात आला.

"बाई, राजा उभा आहे," तो म्हणाला.

"दिसतंय, महाराज. पण शेवया पाण्यात पडल्या पडल्या एकमेकींना बिलगतात. आत्ता हात थांबला तर माझा माणूस गेला."

शिपायानं तलवारीला हात घातला. राजानं त्याला मागं सारलं. आजवर किती वेळा आपण या दारात आलो, हे तो मनात आठवत होता.

"महाराज," सगुणा म्हणाली, "ती रोळी धरता का? माझे हात गुंतले आहेत."

राजानं वाकून रोळी उचलली. सगुणेनं शेवया बोटानं दाबून पाहिल्या आणि पळीनं उपसून तीत काढल्या. राजाच्या मनगटावर गरम पाणी उडालं, त्यानं रोळी सोडली नाही. लागलीच दूध, लागलीच गूळ, शेवयांना पडून राहायला वेळच नाही. गुग्गुळनाथानं ताटातून एक शेवई उचलली. दुसरी तिच्या मागं आली नाही.

"या कुणाच्या हातच्या?"

"माझ्या," सगुणा म्हणाली.

"आणि तो गोळा माझ्या तुतारीचा होता," राजा म्हणाला. "हे मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं."

खांद्यावरचा गोळा सुटला, धागा धागा होऊन जमिनीवर पडला. मांत्रिकानं तीनदा शेवया मागून घेतल्या, आशीर्वाद दिला आणि तो वाटेला लागला. तेव्हापासून त्या राज्यात तुतारी मुदपाकखान्यात शिरत नाही. राजा दाराशी येतो, चुलीकडे पाहतो, आणि पळी थांबेपर्यंत स्वतः हात जोडून उभा राहतो.

पण त्या संध्याकाळी सगुणा मोकळ्या पातेल्यात पळी फिरवीतच राहिली होती.

"सगुणा," भिवाजी म्हणाला, "आता सोड ती."

"आधी तुमचा हात द्या."

त्यानं उजवा हात पुढं केला. तेव्हा कुठं तिनं हातातलं काम टाकलं, आणि पोटभर रडली.