राजा धीरसेनाची धास्ती

एका राज्यात, जिथे डोंगर जांभया देत आणि पाखरं माणसांशी बोलत, धीरसेन नावाचा राजा होता. रणात वाघ, पण वर्षभर त्याच्या जिवाला घोर लागला होता. महालाचं छत कोसळेल का? हत्तीला पडसं होईल का? एक काळजी मिटली की दुसरी हजर. दरबार बंद पडला, आणि राजकन्या चारुगात्रीचं लग्न त्याने तीनदा पुढे ढकललं.

"महाराज, पोर म्हातारी होईल," राणी सौदामिनी म्हणाली.

राजाची खात्री पटली की आपल्याला शाप आहे. वाट दाखवायला धनेश पक्षी घेऊन तो जादूगार कपालभैरवाच्या गुहेत शिरला. "शाप मागे घे!"

जादूगाराला अपमान वाटला. "मी शाप दिला असता तर तुला शिंगं फुटली असती. तरी परीक्षा घेतो. तीन कामं कर. या गादीवर पडून झोप काढ. माझी एक गोष्ट मध्ये न बोलता ऐक. आणि खांदे सैल सोड."

राजा थकून गळून गेला होता, तरी गादीवर नुसता तळमळला. गुहेचं छत किती जुनं, ते विचारत राहिला. गोष्टीत राक्षस येण्याआधीच त्याचं मन भरकटलं, आणि तो जादूगारावरच खेकसला. खांदे तर कानांना भिडलेले. धनेशाने चोचीने दाबले, तरी खाली येईनात.

राजाचे डोळे भरून आले. "एकही जमलं नाही."

"म्हणूनच कळलं," जादूगार नरमला. "पोटात गोळा येतो?"

"रोज."

"काळजी थांबव म्हटलं, तर?"

"थांबत नाही."

"राजा, हा शाप नव्हे, भित्रेपणाही नव्हे. हा चिंतेचा आजार. याला मंत्र नाही, वैद्य लागतो. राणीला सांगितलंस?"

"नाही. तिला काळजी वाटेल!"

धनेश हसता हसता खडकावरून खाली पडला.

राजा परतला आणि राणीला सगळं सांगून मोकळा झाला. "वर्षभर मला वाटत होतं, तुम्ही माझ्यावर रागावलात," ती म्हणाली. तिनेच वैद्य आत्रेयीबाईंना बोलावलं. उपचार बरेच महिने चालले. काही दिवस बरे गेले, काही वाईट. पण हळूहळू झोप परतली, दरबार पुन्हा भरू लागला, आणि मुहूर्त ठरला.

मांडवात व्याह्यांनी विचारलं, "महाराज, सगळं ठीक ना?"

"छाती धडधडते आहे," राजा म्हणाला. "पण अक्षता टाका!"

सनई वाजली. राज्याची घडी बसली, आणि लाडू कमी पडले तरी पंगत हसत उठली.