मास्तरांचं तोंड आणि पेटीतला वारा

"मग तोंड उघडतंय तरी कशापायी?" सखाहरीबुवांनी विचारलं. नजर हातातल्या पेटीवरच होती.

"तेच विचारायला आलोय," सरपोतदार मास्तर म्हणाले. "हनुवटीला पट्टा बांधला, तरी उघडतं. परवा तर ओठांवर टेप लावला."

"मग?"

"झोपेत मीच उपटून टाकला."

बुवांनी 'हं' केलं आणि स्क्रू फिरवत राहिले.

बुवा नदीकाठच्या मठीत राहायचे. पूर्वाश्रमीचे सुतार. पंचक्रोशीतल्या भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करायचे, आणि हात चालू असताना कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायचे. त्या दुपारी समोर आमच्या मंडळाची पेटी होती, म्हणून मी तिथं.

मास्तर म्हणजे तालुक्यातलं बडं प्रस्थ. चोवीस वर्षं प्राणायामाचा वर्ग चालवतात. रोज सकाळी शे-दीडशे माणसं त्यांच्या शब्दावर श्वास घेतात आणि त्यांच्या शब्दावर सोडतात. एवढी सत्ता हाती आली की मान जरा ताठ होतेच.

पण त्यांचा स्वतःचा श्वास झोपेत थांबायचा. घोरता घोरता एकदम शांत. कुमुदवहिनी अंधारात कान देऊन पडायच्या, आणि फार वेळ झाला की कोपरानं ढोसायच्या. अशी कित्येक वर्षं.

मग डॉक्टरांनी मशीन दिलं. नाकावर मास्क, त्याला नळी, आणि नळीतून रात्रभर दाबाचा वारा. घसा मिटत नाही, श्वास थांबत नाही. चार रात्री छान गेल्या. पाचव्या रात्री मास्तरांचं तोंड उघडलं आणि सगळा वारा फुर्रर करून तिथून बाहेर. मशीन चालू, आणि श्वास पुन्हा बंद.

"माझं जाऊ द्या, बुवा," मास्तर म्हणाले. आवाज उतरला होता. "त्या चार रात्री ही झोपली होती. सकाळी चेहरा कसा… लग्नात होता तसा. तेवढं परत मिळालं तरी पुरे."

वहिनी ओसरीवर खांबाला टेकून बसल्या होत्या. बसल्या बसल्याच डोळा लागला होता.

बुवांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि स्क्रूड्रायव्हर आवाज न करता खाली ठेवला.

"म्हंजे दोष तोंडाचा?"

"तोंडाचाच. जगाला सांगतोय तोंड मिटा, आणि माझंच ऐकत नाही."

"या हिकडं."

बुवांनी पेटी फिरवून मास्तरांपुढे ठेवली.

"मी भाता मारतो. वारा कुठनं सुटतोय बगा, आनि तिथं दाबून धरा."

भाता हलला. सुस्सss…

मास्तरांनी डाव्या कोपऱ्यातली फट पकडली. अंगठ्यानं दाबली. मोठ्या समाधानानं वर पाहिलं.

सुस्सss… उजवीकडून.

उजवीकडे तळहात लावला. आता मागून. मागे कोपर लावलं. आता खालून कुठूनतरी. मास्तर गुडघ्यांवर आले, पेटीला कव घातली आणि हनुवटी वरच्या फळीवर टेकवली. तालुक्याचे प्राणायामगुरू आमच्या पेटीला मिठी मारून बसले होते. मला हसूही आवरेना आणि पेटीची काळजीही.

"थांबला का?" बुवा भाता मारतच होते.

"नाही! उलट जोर वाढतोय."

"मग आनखी दाबा."

"हात संपले, बुवा!"

तेव्हा बुवांनी दुसऱ्या हाताचं एक बोट उचललं आणि एक पांढरी पट्टी अलगद दाबली.

सूर आला. भरदार, गोल, सगळी ओसरी भरून टाकणारा. सुस्कारे विरून गेले. मास्तर तसेच, मिठी मारलेले.

बुवा बराच वेळ तो एकच सूर वाजवत राहिले. मग भाता थांबला.

…

"मास्तर, रातच्याला नाक उघडं असतंय का?"

मास्तरांनी पेटी सोडली. नदीकडे पाहिलं. बायको झोपलेलीच आहे ना, तेही पाहिलं.

"…नसतं."

"कवापासनं?"

"उजवं कायमच बंद. डावं, आडवा झालो की."

"डागदरानं इचारलं न्हाई?"

"विचारलं की."

"मग?"

"मी म्हणालो, नाक उत्तम आहे."

"का वो?"

मास्तरांचा आवाज अगदी बारीक झाला. "बुवा… मी प्राणायाम शिकवतो."

…

खांबाकडून कसलासा आवाज आला. वहिनी जाग्या होत्या. पदर तोंडावर धरला होता आणि खांदे गदगदा हलत होते.

"अहो!" त्या कशाबशा म्हणाल्या. "रोज सकाळी त्या सतरंजीवर बसून नुसता आव आणत होतात?"

मग बुवा हसले. मग मी. सगळ्यात शेवटी मास्तर हसले. पण एकदा सुरू झाले ते थांबेचनात, आणि श्वास घ्यायला त्यांना मोठ्ठं तोंड उघडावं लागलं.

वहिनींचं हसू मध्येच थांबलं. त्या मास्तरांच्या उघड्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"आणि आपण यालाच बांधत होतो," त्या म्हणाल्या. डोळे भरून आले होते. "हे उघडलं नसतं, तर…"

मास्तरांनी खिशातून टेपचं रीळ काढलं आणि काय करावं ते न सुचून हातात धरून बसले.

"त्ये हितं ठेवा," बुवा म्हणाले. "पेटीच्या खोक्याला चिकटवाया लागंल. आनि डागदराकडं जावा. आता खरं सांगा."

तीन आठवड्यांनी मी पेटी न्यायला गेलो, तर नवरा-बायको दोघंही तिथं. वहिनींनी डबाभर शिरा आणला होता आणि बुवांना तिसऱ्यांदा वाढत होत्या.

"सात वाजेपर्यंत झोपले मी!" त्या सांगत होत्या. "दूधवाला दोन हाका मारून निघून गेला. बिनदुधाचा चहा प्यायलो, बुवा, आणि काय गोड लागला म्हणून सांगू!"

हकीकत वहिनींनीच सांगितली. डॉक्टर आधी भरपूर रागावले. नाक बंद असताना ओठ चिकटवले? मग नाक तपासून औषध दिलं. मशीनला पाण्याचं भांडं असतं, वारा ओलसर आणि कोमट व्हावा म्हणून. मास्तरांनी ते 'हे आजाऱ्यांसाठी असतं' म्हणत पहिल्या दिवसापासून कोरडं ठेवलं होतं. आता वहिनी रोज संध्याकाळी स्वतः भरतात. पट्टा गेला. नाक मोकळं राहिलं तशी तोंडानंही मिटून घ्यायला सुरुवात केली. अजून एखाद्या रात्री उघडतं. तसं फार झालं तर नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क देऊ, असं डॉक्टर म्हणालेत.

मास्तर हे सगळं मान खाली घालून ऐकत होते. पण चेहरा हसरा होता आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळं फिकी झाली होती. वहिनींचं बोलणं संपल्यावर ते उठले, धोतर सावरलं आणि बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"दक्षिणा काय देऊ, बुवा?"

"काय बी नगं."

"असं कसं? मागाल ते देईन. वर्गात जाहीर करतो पाहिजे तर, सगळ्यांसमोर."

"मागीन त्ये?" बुवांनी पेटी पुसून माझ्या हाती दिली.

"शब्द आहे माझा."

बुवांनी शिऱ्याचा शेवटचा घास खाल्ला. बोटं चाटली. मास्तरांकडे अगदी प्रेमानं पाहिलं.

"मग उद्या सकाळच्याला वर्गात, समद्यांच्या म्होरं, एकदा खनखनीत नाक शिंकरा."