येसनाकानं दिलेला दिवस

गोष्ट फार वर्षांपूर्वीची, आमच्या आज्यांच्या आज्यांनी पाहिलेली. माळवंडीच्या वेशीपाशी येसनाक वेसकर राहायचा. वेस राखायची आणि दवंडी द्यायची, हे त्याचं काम. घुंगरकाठी आपटून त्यानं हाळी दिली, की नदीपलीकडची गुरंसुद्धा माना वर करायची, असं म्हणतात.

त्याचा एक नेम होता. दवंडीला दिवस हवाच. जत्रा सोमवारी, पंचायत अमावस्येला. दिवस नसलेली दवंडी अळणी, असं तो म्हणायचा.

एका श्रावणात भरतीचा साहेब आला. सात समुद्रांपलीकडं लढाई पेटली होती. येसनाकानं हात जोडून विचारलं, "जी सायेब, लढाई कशापायी?"

साहेबाच्या कारकुनानं सांगितलं. दूर कुठं एका राजाच्या वारसाला कुणी गोळी घातली. त्या राजानं शेजारच्या बारक्या राज्यावर राग काढला. बारक्याच्या पाठीशी एक थोरला उभा राहिला, त्याच्यावर दुसरा थोरला धावून गेला. वाटेत एका गरीब राज्याचं अंगण तुडवलं, म्हणून आपला इंग्रज उठला. आणि यातले निम्मे राजे एकमेकांचे मावसभाऊ, चुलतभाऊ!

येसनाक हसला. "म्हंजी भाऊबंदकीच की वो!"

भाऊबंदकी त्याला नवी नव्हती. बांधावरून ज्येष्ठात डोकी फुटतात, आणि दिवाळीला तीच माणसं एका पंगतीला बसतात. दवंडीसाठी साहेबानं दिलेल्या कागदात परतीचा दिवस नव्हता, तो त्यानं आपल्या मनानं घातला. बारा वाड्यांत हाळी गेली, "ऐका हो ऐका! लढाईला चला, दिवाळीला परत या!"

एकोणीस पोरं गेली. त्यात येसनाकाचा एकुलता एक सटवाही होता. वेसकराच्या पोराला बंदूक कोण देतो? त्याला खेचरं हाकायचं काम मिळालं.

दिवाळी आली, पोरं आली नाहीत. दुसरी आली, तिसरी आली. गावानं येसनाकाला शिवी दिली नाही, बोट दाखवलं नाही. फक्त म्हाळसाई नावाची एक म्हातारी पाडव्याला वेशीत आली. तिचे दोन लेक गेले होते. तिनं शांतपणे विचारलं, "येसनाका, कंची दिवाळी म्हनला हुतास रं?"

तो एक प्रश्न त्याच्या काळजात रुतला. त्यानं काठी उचलली आणि बारा वाड्या उलट्या फिरायला निघाला. प्रत्येक वेशीत रडत सांगू लागला, "ऐका हो! त्यो दिस सरकारचा नव्हता, माजा हुता. म्या मागं घेतो. पोरांनो, माज्या दिसाची वाट बघू नगा. निगून या!" शेवटच्या टेकडीवर त्यानं अशी हाळी दिली, की ती डोंगर ओलांडून, समुद्र ओलांडून, पोरं लढत होती त्या पार बसऱ्याच्या वाळूत पोचली, असं म्हणतात. त्यानंतर त्याचा आवाज बसला तो कायमचाच.

लढाई मिटली तेव्हा तीन पोरं परतली. त्यांनी सांगितलं, की एका दुपारी खंदकात बसलो असताना येसनाकाची हाळी ऐकू आली. सटवाचा पाय आधीच मोडला होता. तो म्हणाला, "बा बोलीवतोय. तुमी निगा. मला न्याया बसाल, तर समदीच ऱ्हाल." तिघं हाळीच्या दिशेनं पळाले, आणि मागं त्याच जागी तोफेचा गोळा पडला.

येसनाकानं हे सगळं ऐकलं. त्याला बोलता येत नव्हतं. त्यानं तिघांच्या तोंडावरून हात फिरवला, सटवाच्या तोंडावरून फिरवावा तसा. मग तो वेशीत जाऊन बसला आणि पुन्हा उठला नाही.

माळवंडीतून आजही पोरं पलटणीत जातात. सुट्टी संपली की एसटी वेशीपाशी थांबते. येसनाक बसला त्या जागी त्याच्या नावानं दगड मांडलाय, म्हातारी माणसं त्याला हात लावतात. आई पोराला सगळं विचारते. डबा घेतलास का, स्वेटर घेतलास का, पोचल्यावर फोन करशील ना. कधी येणार, एवढं मात्र माळवंडीत कुणी विचारत नाही.