कर्ता कुठे लपतो

"…पण मास्तर, आज्ञा आणि पॅसिव्ह, इंग्रजीतल्या या दोन्ही वाक्यांत कर्ता दिसत नाही, म्हणून तर मुलं गोंधळतात. मी असा नियम बसवलाय, की आता कुणी चुकायचंच नाही!"

निशिकांत बोलत होता. होडी तळ्याच्या मध्यावर आली होती. धुकं इतकं दाट, की वल्ह्याचं टोक पाण्यात शिरताना दिसत नव्हतं. नुसता आवाज यायचा.

वल्हवत होते दाजी मास्तर. एकेकाळी त्यांनीच निशिकांतला इंग्रजी शिकवलं होतं. आता ते तळ्यातल्या बेटावरच्या मठात राहत. निशिकांत प्राध्यापक झाला होता. त्याचं व्याकरणाचं पुस्तक छापून आलं होतं, आणि ते मास्तरांच्या पायांवर ठेवायला तो मठाकडे निघाला होता.

"सांग तुझा नियम."

"‘शट द डोअर.’ सुरुवातीलाच क्रियापद, ही आज्ञा. ‘द डोअर वॉज शट.’ आधी ‘वॉज’, मग क्रियापदाचं तिसरं रूप, हा पॅसिव्ह, म्हणजे आपला कर्मणी."

"आज्ञेतला कर्ता कुठे गेला?"

"तो ‘यू’, मास्तर. समोरच असतो, म्हणून बोलत नाहीत. लपलेला असतो."

"आणि पॅसिव्हमधला?"

"‘बाय’ लावून शेवटी सांगता येतो. नाही सांगितला तरी चालतं."

"चालतं?"

"अगदी. वाक्य पूर्ण असतं."

कुठूनसा एक पाणपक्षी ओरडला आणि गप्प झाला…

"आई कशी आहे रे तुझी?"

"बरी आहे. मागच्या वर्षी तिची सोय वृद्धाश्रमात करण्यात आली."

वल्ही थांबली. मास्तरांनी ती पाण्याबाहेर काढली, मांडीवर आडवी ठेवली आणि डोळे मिटून घेतले.

होडी आपली आपणच तरंगू लागली. काठ नाही, मठ नाही, आभाळही नाही. आपण अजून झोपेतच आहोत, असं निशिकांतला वाटलं.

"मास्तर…?"

"वाक्य पूर्ण झालं?"

"हो. म्हणजे… तिथे सगळं बघितलं जातं. औषधं वेळेवर दिली जातात. सामान बांधलं गेलं, तेव्हाही ती काही बोलली नाही…"

तो अडखळला. धुक्यातून जणू खोलीच समोर आली. वळकटीची दोरी. गाठ काही केल्या बसत नव्हती. तेव्हा आईच पुढे झाली होती, आणि गाठ सुटू नये म्हणून तिने तीवर बोट धरलं होतं.

"मी बांधलं," निशिकांत म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. "मीच ठेवलं तिला तिथे."

मास्तरांनी डोळे उघडले आणि वल्ही त्याच्यापुढे धरली.

निशिकांतला वल्हवायची सवय नव्हती. होडी दोनदा जागच्या जागी फिरली. मग तोंड वळलं. मठाकडे नव्हे, आल्या वाटेकडे.

"तिला घरी घेऊन येतो, मास्तर," तो धापा टाकत म्हणाला. "तुम्ही एकदा नुसतं ‘जा’ म्हणा. मला बळ येईल."

मास्तर धुक्याकडे बघत राहिले…

"मी म्हटलं, तर तू पुन्हा लपशील."