गोदाक्काची मशेरी

गोदाक्काचा रिपोर्ट आला तेव्हा डॉ. मल्लिनाथ मगदूम प्रयोगशाळेत मशेरी तोलत होते. रोजच्यासारखाच दिवस होता. त्यांनी फोन घेतला, ऐकला, ठेवला. मग उरलेले नमुने तोलून संपवले.

तोंडाचा कॅन्सर. पावसाळा सरायच्या आत गोदाक्का गेली.

ती त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा मल्लूला तिनंच वाढवलं होतं.

दिवसकार्य उरकल्यावर ते मुंडन केलेल्या डोक्यानंच गावाबाहेरच्या मठात गेले. तिथल्या म्हाताऱ्या काशाईंनी लहानपणी त्यांच्याकडून अक्षरं गिरवून घेतली होती. अडलं की ते अजूनही तिथंच येत.

काशाई पायरीवर बसून दातांना मशेरी लावत होत्या.

"आई, ज्ञान घरात असताना माणूस असा का मरतो?"

"कुणाचं ज्ञान?"

"माझं. तंबाखू तव्यावर काळी पडेपर्यंत भाजली की तिच्यात काय तयार होतं, हे शोधण्यात माझा जन्म गेला. पुढच्या आठवड्यात मुंबईत त्याबद्दल सत्कार आहे."

"डोईवर केस तरी येऊ देत."

मल्लिनाथ हसले नाहीत.

"तिथल्या भाषणात मी सांगणार आहे, माझ्या सख्ख्या बहिणीनंसुद्धा माझं ऐकलं नाही. पण त्याआधी तुमच्या तोंडून ऐकायचंय. दोष तिचाच ना?"

काशाईंचं बोट दातांवर थांबलं.

"तू तिला काय सांगितलं हुतंस?"

"सगळ्यांना सांगितलं. गावोगाव व्याख्यानं दिली. शाळांच्या भिंती रंगवून घेतल्या."

"गोदीला?"

"ती शिकलेली नव्हती, आई. या बायकांची सवय सुटत नाही. सांगून उपयोग नसतो."

"मीबी बाईच हाय. मला सांग."

"आत्ता?"

"मग कवा? आनि मुंबईवाल्यांना सांगतोस तसं नगं. सरळ सांग."

मल्लिनाथ पायरीवर टेकले.

"आपल्या प्रत्येक पेशीत धाग्यावर लिहिल्यासारखा एक मजकूर असतो. कसं वाढायचं, कधी थांबायचं, ते त्यात असतं. एका पेशीच्या दोन होताना तो मजकूर उतरवून घ्यावा लागतो. भाजलेल्या तंबाखूतली रसायनं त्या धाग्याला चिकटतात. तिथं उतरवताना चूक होते. बऱ्याच चुका शरीर दुरुस्त करतं. एखादी राहून जाते…"

"आनि मग?"

"ती पेशी थांबायचं विसरते."

काशाईंनी मांडीजवळचा डबा उचलून पाहिला.

"ही गोदीच्याच हातची."

त्या उठल्या. रांजणातलं पाणी घेऊन त्यांनी चूळ भरली, पुन्हा भरली. मग डबा मोरीत पालथा केला आणि वर तांब्याभर पाणी ओतलं.

"सुटंल, न सुटंल. बघू. पर एवढंच हुतं व्हय रं सांगायचं?"

मल्लिनाथ मोरीतून वाहत जाणाऱ्या काळ्या पाण्याकडे बघत राहिले.

"तिला सांगितलं असतं तर…"

"तर?"

"नमुने बंद झाले असते."

"कसले नमुने?"

"प्रयोगाला एकाच हातची मशेरी लागते, आई. दरवेळी तोच तवा, तीच आच. हात बदलला की मागचं सगळं वाया जातं." त्यांचा आवाज खाली गेला. "गोदाक्का भाजून द्यायची. डबे भरून. इतकी वर्षं."

"आच बरोबर लागली का, ते तिला कसं कळायचं?"

मल्लिनाथ पायरीवर सांडलेली मशेरी बोटानं गोळा करू लागले.

"मल्लू."

"दातांवर घासून बघायची."

आत समईची वात चरचरली. काशाई ती सारायला गेल्या नाहीत.

"दरवेळी?" त्यांनी विचारलं.

"प्रत्येक डब्याला. एकदा थोडी करपली, तर तिनं सगळी टाकून दिली आणि पुन्हा भाजायला बसली. म्हणाली, माझ्या मल्लूच्या कामाची हाय."

काशाईंनी मोरीतला डबा उचलला.

मग मल्लिनाथ घाईनं म्हणाले, "पण तिनं मला कधी विचारलंही नाही, आई. कशाला लागते, काय करतोस. एकदासुद्धा नाही. विचारलं असतं, तर मी खोटं बोललो नसतो."

काशाईंनी रिकामा डबा उपडा करून उंबऱ्यावर ठेवला.

"मला विचारलं हुतं तिनं. मल्लू येवढ्या मशेरीचं करतो तरी काय, म्हणून… मी म्हटलं, त्यो सांगंल तुला."