तीसपैकी तीस

“पण सिस्टर, तीच का?”

साळवे सिस्टर गॉझच्या घड्या घालत होत्या. बत्तीस वर्षं नर्सिंगच्या मुलींना शिकवून त्यांना एक सवय जडली होती. घाईच्या प्रश्नाला घाईने उत्तर द्यायचं नाही.

केतकी ताटकळत उभी राहिली. अवयवदानाच्या प्रश्नावलीत तीसपैकी तीस मिळवणारी वर्गात ती एकटीच. ब्रेन डेड कुणाला म्हणायचं, संमती कोण देतं, सगळं तोंडपाठ. आणि पेशंटच्या घरच्यांशी बोलायला जाताना सिस्टरांनी सोबतीला निवडली गौतमी. तीसपैकी सतरावाली. केतकीचा नुसता जळफळाट झाला होता. दोन दिवस ती मेसमध्ये गौतमीच्या शेजारी बसलीही नव्हती.

“तिला ब्रेन डेड आणि कोमातला फरक कळत नव्हता, सिस्टर.”

“विचारायला आली होती. आता कळतो.”

“मी अवयवदानाचं कार्डसुद्धा भरलंय. बॅचमध्ये सगळ्यांत आधी. तिच्याऐवजी मला न्या.”

“बघू कार्ड.”

केतकीने ते लगेच पुढे केलं. प्लास्टिकच्या कव्हरात, कोपराही न दुमडलेलं.

“डोळे, किडनी, लिव्हर, हृदय... सगळ्यांवर खूण केलीस.”

“हो.”

“कुणाला देणार?”

इथे तर केतकी चुकणं शक्यच नव्हतं. “ज्याला गरज असेल त्याला. जात, धर्म, गरीब, श्रीमंत बघायचं नाही. कुणाला मिळणार, हे दात्याने ठरवायचं नाही.”

“बरोबर.” सिस्टरांचे हात थांबले. “गौतमीला यातलं काही लागलं तर?”

“तिला कशाला लागेल?”

“समज, लागलं.”

नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. ते काही केल्या तोंडातून निघेना. निघत नाही हे सिस्टरांना दिसतंय, याची तिला जास्त लाज वाटली. तिचे कान लाल झाले.

सिस्टर रागावल्या नाहीत. कव्हरातून कार्ड बाहेर काढून त्यांनी ते तिच्यासमोर ठेवलं. खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि तिच्या हातात दिलं.

“खाली थोडी जागा आहे,” त्या म्हणाल्या. “लिही... ‘गौतमी सोडून’.”